शस्त्र परवाना द्यायला वर्ष लागते, काढून घ्यायला कोणी फिरकत नाही

प्रश्न असा आला आहे: "बीडमधील शस्त्र परवान्यांचे प्रकरण आणि अमेरिकेतील गोळीबारांच्या बातम्या यांवरून आमच्या घरात वाद झाला. माझे थोरले बंधू म्हणतात की गुन्हेगार काही परवाना काढून पिस्तूल घेत नाहीत, त्यामुळे कायदा कितीही कडक केला तरी जाच सरळमार्गी माणसालाच होणार. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. धोकादायक माणसाच्या हातात शस्त्र जाऊ नये, आणि गेले असेल तर ते राहू नये, यासाठी आपल्या कायद्यात नेमके काय आहे?"

मी महसूल खात्यात नोकरी केली आणि त्यातील बरीच वर्षे दोन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत गृह शाखेत होतो. शस्त्र परवान्यांच्या नस्त्या (फायली) याच शाखेत चालतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे काम आयुक्तांकडे असते. बाकी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी हेच परवाना प्राधिकारी असतात. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते टेबलाच्या या बाजूने पाहिलेले आहे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीचाही हिशेब आहे.

आपल्या बंधूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपल्याकडे गोळीबाराच्या गुन्ह्यांत सापडणारी बहुतेक शस्त्रे बिगरपरवाना असतात, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गावठी कट्टा किंवा गावठी पिस्तूल मध्य प्रदेशच्या सीमेवरून, चोपडा तालुक्याला लागून असलेल्या उमर्टीसारख्या ठिकाणांहून खाली येते, हे पुणे आणि जळगाव पोलिसांच्या कारवायांमधून वारंवार समोर आलेले आहे. त्या पुरवठ्याला परवान्याचा कायदा थेट भिडत नाही. पण यावरून "परवान्याची शस्त्रे निर्धोक" असा निष्कर्ष निघत नाही. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीतील राहत्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल परवान्याचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुकवरील थेट प्रक्षेपण चालू असताना एका माजी नगरसेवकाची हत्या झाली; पोलिसांच्या तपासानुसार मारेकऱ्याकडे स्वतःचा परवाना नव्हता, त्याने आपल्या खासगी अंगरक्षकाचे परवान्याचे पिस्तूल वापरले. या दोन्ही घटनांत शस्त्र कोणत्याही सीमेवरून चोरून आलेले नव्हते. ते सरकारच्या नोंदवहीत होते.

आता परवाना कसा मिळतो ते पाहू, कारण लोकांचा सगळा वाद याच टप्प्याभोवती फिरतो. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याआधी १८७८ चा इंग्रजी अमलातील कायदा होता, ज्याचा हेतू भारतीयांना निःशस्त्र ठेवणे हाच होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने तो हेतू टाकून दिला, मात्र शस्त्र बाळगणे हा हक्क म्हणून दिला नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीसारखे आपल्याकडे काही नाही, म्हणून तिकडील वादाचा अर्धा भाग इथे लागूच पडत नाही. कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षांखालील व्यक्ती, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून पाच वर्षे न झालेली व्यक्ती, आणि ज्याच्याकडून शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याचा आदेश झाला आहे अशी व्यक्ती, बाँडच्या मुदतीत, शस्त्र बाळगू शकत नाही. कलम १४ प्रमाणे मनोविकृत किंवा "कोणत्याही कारणाने अयोग्य" वाटणाऱ्या व्यक्तीला, अथवा सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक असेल तर कोणालाही, कारणे लेखी नोंदवून परवाना नाकारता येतो. गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते, त्यांतील सुमारे १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. कायदा दोन्हीकडे एकच आहे. फरक पडतो तो "अयोग्य" आणि "आवश्यक" हे शब्द टेबलावरचा माणूस कसे वाचतो यामुळे.

अर्जातील कारण बहुधा एकच असते: "व्यवसायानिमित्त मोठी रोख रक्कम जवळ बाळगावी लागते." मी असे शेकडो अर्ज वाचले आहेत आणि त्यांतील बऱ्याच जणांची विवरणपत्रे पाहिल्यावर एवढी रोकड कुठून येते हा प्रश्न आयकर खात्याने विचारावा असे वाटले आहे. मग अर्ज पोलीस ठाण्याकडे जातो. तिथून येणाऱ्या अहवालातील ठरलेले वाक्य मला आजही पाठ आहे: "सदर इसमाविरुद्ध या पोलीस ठाण्यास कोणताही गुन्हा दाखल नाही. परवाना देण्यास हरकत नाही." या वाक्यातील "या पोलीस ठाण्यास" हे शब्द बारकाईने वाचावेत. शेजारच्या ठाण्यात काय दाखल आहे, सासुरवाडीच्या तालुक्यात काय झाले, हे त्या वाक्यात येत नाही. संगणकीय नोंदींमुळे ही त्रुटी आता कमी झाली आहे. पण अहवाल लिहिणारा हवालदार अर्जदाराच्या घरी गेला तर दारात अर्जदारालाच भेटतो आणि चहा पिऊन परततो, हे संगणकाने बदललेले नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक केले. गल्लीतील ओळखीच्या डॉक्टरांकडून ते मिळवायला रक्तदाब मोजण्याइतकाच वेळ लागतो.

पोलीस अहवाल नियमाने तीस दिवसांत यायचा असतो. तो आला नाही तर परवाना प्राधिकाऱ्याला योग्य वाटल्यास आणखी वाट न पाहता आदेश करता येतो, अशी कलम १३ मध्ये मुभा आहे. ती अर्जदाराची अडवणूक होऊ नये म्हणून ठेवलेली आहे आणि अडवणूक होते हे मी नाकारणार नाही. पण अशाच मुभेमुळे अमेरिकेत काय घडले तेही ध्यानात ठेवावे. तिथे परवानाधारक दुकानदाराने केंद्रीय यंत्रणेकडे चौकशी पाठवल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आले नाही तर त्याला बंदूक विकता येते. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना ठार करणाऱ्याने पिस्तूल याच फटीतून घेतले होते. त्याच्या नावावरच्या अमली पदार्थाच्या प्रकरणाचा कागद चौकशी करणाऱ्यापर्यंत वेळेत पोचला नव्हता. आपल्याकडील मुभेत नकार देण्याचाही मार्ग मोकळा आहे, एवढे आपले कलम बरे. मात्र न आलेला अहवाल म्हणजे अनुकूल अहवाल असे मानण्याची सवय कोणत्याही कचेरीला लागू शकते.

इतके सांगून आता मला जे खरे म्हणायचे आहे त्याकडे येतो. परवाना देताना माणूस पाहिला जातो तो एका दिवसापुरता. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली (त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, ती बाब चांगली). या पाच वर्षांत माणसाचा धंदा बुडतो, भाऊबंदकीचा वाद पेटतो, दारू वाढते, घरात हात उचलला जातो, एखाद्याला नैराश्य ग्रासते. परवाना घेताना जो निर्धोक होता तो आज तसाच आहे का, हे विचारणारी कोणतीही नेमलेली वेळ मधे येत नाही. वरळीच्या घटनेत आधीच्या कोणत्याही छाननीत काही सापडले असते असे मला वाटत नाही, कारण धोका घरातल्या घरात तयार झाला होता. आणि घरातील माणसाला तर आपली पद्धत कुठल्याच टप्प्यावर विचारत नाही.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर एक बाई गृह शाखेत आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, हातात दुधाची जाड प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत नवऱ्याच्या शस्त्र परवान्याची पुस्तिका. ट्रंकेतून काढून आणली होती. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, हे इथं जमा होतं का?" मी सांगितले की पुस्तिका जमा करून उपयोग नाही, शस्त्र जमा करावे लागते, आणि ते ज्याच्या नावावर आहे त्यानेच. त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तक्रार करायची नाही मला. पोरीचं लग्न ठरलंय. फक्त ती बंदूक घरात नको." रात्री नवरा डबल बारची (दुनळी) बंदूक भरून ओसरीवर बसतो, एवढेच त्या बोलल्या.

मी काय केले? मी ठाण्यातील निरीक्षकांना फोन केला आणि त्यांनी त्या गृहस्थांना बोलावून, समजूत घालून, बाराबोर बंदूक ठाण्यात ठेवून घेतली. त्या वेळी मला वाटले की काम झाले. तीन महिन्यांनी गृहस्थांचा अर्ज आला: माझे शस्त्र कोणत्याही आदेशाशिवाय अडकवून ठेवले आहे, ते परत मिळावे. त्यांचे म्हणणे बरोबर होते. कागदावर काहीच नव्हते. ना तक्रार, ना डायरीतील नोंद, ना आदेश. शस्त्र परत देण्याच्या टिपणीवर माझी सही आहे. पुढे माझी बदली झाली.

वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी मूळ अधिनियम उघडला असताना मी कलम २२ प्रथमच नीट वाचले. त्याचा आशय असा की आपल्या हद्दीत राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडे बेकायदेशीर कामासाठी शस्त्र आहे, किंवा सार्वजनिक शांततेला अथवा सुरक्षिततेला धोका निर्माण झाल्याखेरीज त्या व्यक्तीकडे ते राहू देता येणार नाही, असे मानण्यास दंडाधिकाऱ्याला कारण असेल, तर कारणे नोंदवून झडती घेता येते, शस्त्र जप्त करता येते आणि आवश्यक वाटेल तितका काळ सुरक्षित ताब्यात ठेवता येते. आणि हे त्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क असला तरीही करता येते. शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची शस्त्रे काही काळ काढून घेण्याची मुभा देणारा, अमेरिकेत ज्याला "रेड फ्लॅग" कायदा म्हणतात तो कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये केला, फ्लोरिडाने पार्कलँडच्या शाळेत सतरा जण मारले गेल्यावर २०१८ मध्ये केला, आणि त्यावर तिथे अजून तावातावाने वाद चालतात. आपल्या कायद्यात त्या जातीची तरतूद १९५९ पासून पडून आहे. माझ्या उरलेल्या नोकरीत कलम २२ खाली निघालेला एकही आदेश माझ्या टेबलावरून गेला नाही.

तरतूद असणे आणि ती वापरणे यांतील अंतर तिकडेही आहेच. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी मेन राज्यातील लुइस्टन येथे एका राखीव सैनिकाने अठरा जणांना ठार केले. त्याची मनःस्थिती बिघडली आहे आणि घरात बंदुका आहेत, हे कुटुंबीयांनी आणि लष्करी सहकाऱ्यांनी आधीच कळवले होते. पोलीस त्याच्या दारापर्यंत जाऊन आले, त्याने दार उघडले नाही, ते परतले. त्या राज्याच्या कायद्यात शस्त्रे काढून घेण्याचा मार्ग होता आणि तो वापरण्याइतका आधार पोलिसांकडे होता, असा निष्कर्ष नंतरच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने काढला.

इथे आपले बंधू एक सबळ आक्षेप घेऊ शकतात आणि तो घ्यावाच. असा अधिकार हाताशी असला तर भाऊबंदकीत आणि गावच्या राजकारणात त्याचा गैरवापर होणार नाही का? होतो. निनावी अर्जांचा एक गठ्ठा प्रत्येक गृह शाखेत असतो, आणि त्यांतील निम्म्या अर्जांचे अक्षर सरपंचपदाच्या निवडणुकीनंतरच उमटते. माझ्या मते उत्तर छाननीत आहे, सरसकट जप्तीत नाही. गोव्यातील निवडणूक काळातील शस्त्र जमा आदेशांचे प्रकरण २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले, आणि तेव्हापासून निवडणूक आयोगाच्या सूचनांत छाननी समितीची पद्धत आहे: जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंग्यात सामील झालेले, अशांचे परवाने तपासून मगच शस्त्र जमा करण्याचा आदेश. कोकणातील शेतकऱ्याला विचारा म्हणजे याचे महत्त्व कळेल. त्याची ठासणीची बंदूक रानडुकरांसाठी असते, आणि भात तयार होण्याच्या दिवसांत ती ठाण्याच्या कोठारात पडून राहिली तर नुकसान त्याचे होते, सुरक्षित मात्र कोणीच होत नाही. धोका वर्गाकडून नसतो, व्यक्तीकडून असतो. म्हणून आदेशही व्यक्तीचे नाव आणि घटना नमूद करून व्हायला हवा.

कायमचे काढून घेण्यासाठी कलम १७ आहे. तिथे परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो; कारणे कलम १४ सारखीच आहेत, शिवाय माहिती दडवून परवाना मिळवणे आणि अटींचा भंग हीही आहेत. केवळ गुन्हा नोंदला आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, हे उच्च न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे, आणि आमच्यासारख्यांचे आदेश अपिलात पडतात ते नेमके इथेच. "गुन्हा दाखल असल्याने परवाना रद्द" असा एका ओळीचा आदेश टिकत नाही. अमुक तारखेला अमुक ठिकाणी धारकाने शस्त्र बाहेर काढले, हे दोन जबाब आणि ही चित्रफीत, नोटीस दिली, खुलासा ऐकला, तो या कारणाने पटला नाही, असा आदेश टिकतो. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधील हत्येनंतर बीड जिल्ह्यातील बाराशेहून अधिक परवान्यांवर चर्चा झाली, हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती फिरल्या, पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि टप्प्याटप्प्याने अनेक परवाने रद्द झाले. ते योग्यच झाले. माझा प्रश्न वेगळा आहे: ज्यांची नावे तेव्हा यादीत आली, त्यांच्यावरील गुन्हे त्याआधी कोणाला माहीत नव्हते का? बाँडचा आदेश तहसील कार्यालयातून किंवा प्रांतांकडून निघतो, परवान्याची नोंदवही जिल्हा कार्यालयात असते, आणि चॅप्टर केसचा (बाँड घेण्याच्या प्रकरणाचा) तो कागद एका कचेरीतून दुसरीकडे आपोआप जात नाही. कलम ९ मुळे बाँडच्या मुदतीत शस्त्र बाळगणे बंद व्हायला हवे असते. प्रत्यक्षात धारकाला बाँडही असतो आणि कमरेला रिव्हॉल्व्हरही. राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीत आता प्रत्येक धारकाला स्वतंत्र क्रमांक आहे. दोष सिद्ध झाल्याचा निकाल, बाँडचा आदेश आणि कौटुंबिक हिंसाचाराचा संरक्षण आदेश या तिन्हींवर तो क्रमांक लिहायची सक्ती केली तर नवा कायदा न करता बरेच साधेल.

गावठी शस्त्रांबद्दल एकच गोष्ट जोडतो, कारण तीही आमच्याच शाखेतून जाते. पोलिसांनी कट्ट्यासह पकडलेल्या तरुणावर "३/२५" ची, म्हणजे शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ व २५ खालची, केस होते, आणि कलम ३ च्या भंगासाठी खटला चालवायला कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. शस्त्र तज्ज्ञांचा अहवाल उशिरा येतो, मंजुरीची नस्ती टेबलावर पडून राहते, तोवर आरोपी जामिनावर असतो. त्याच नस्तीत पाच नावे सापडतात: शस्त्र कोणी आणले, कोणी ठेवायला दिले. ती नावे पुढे कोणी तपासत नाही.

आता आपल्याला स्वतःला, किंवा आपल्या ओळखीतील कोणाला, घरातील परवान्याच्या शस्त्राची भीती वाटत असेल तर काय करावे ते सांगतो. त्या बाईंना मी हे सांगू शकलो नव्हतो. फौजदारी तक्रार करायची नसली तरी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. त्यात कलम १७ आणि कलम २२ यांचा स्पष्ट उल्लेख करावा, परवान्याचा क्रमांक लिहावा आणि "वागणूक बरोबर नाही" असे मोघम न लिहिता तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट लिहावी. प्रत ठाण्याला आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला असेल तर न्यायालयाला सुरक्षिततेसाठी अधिकच्या अटी घालता येतात, तेव्हा शस्त्र जमा करण्याची मागणी अर्जातच लिहावी, कारण ती आपणहून कोणी सुचवत नाही. आरोपीच्या जामीन अर्जाला विरोध करतानाही सरकारी वकिलांना हीच अट मागायला सांगावे. घरात नैराश्याने ग्रासलेला माणूस असेल तर तो कितीही सज्जन असला तरी त्याचे शस्त्र घराबाहेर ठेवावे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आणि अंगरक्षक ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याचा परवाना त्याच्यापुरताच असतो. कायदेशीर अधिकार नसलेल्याच्या हाती शस्त्र देणे हा कलम २९ खाली देणाऱ्याचा स्वतंत्र गुन्हा आहे.

धारक स्वतः शस्त्र जमा करायला तयार झाला तर ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात ठेवता येते. तेव्हा पावती घ्यावी आणि तिच्यावर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि जमा करण्याचे कारण, हे तिन्ही लिहून घ्यावे. मी पाहिलेल्या पावत्यांवर पहिल्या दोन गोष्टी नेहमी असत. तिसऱ्या रकान्यात बहुधा आडवी रेघ मारलेली असे, आणि पुढे शस्त्र परत मागणारा अर्ज आला की मंजूर करणाऱ्याला ती रेघच दिसे.